ज्याचा घाणा, त्यानं उभं राहायचं

मला मिरचीनं शिंक येत नाही. ठसका नाही, डोळ्याला पाणी नाही, हाताची आगही नाही. लग्न होऊन मी युसूफ वडगाव या गावात आले तेव्हा सासऱ्यांनी नुकतंच मिरचीचं कांडप टाकलं होतं. पहिले सहा महिने पदर नाकाला लावून, रडत रडत काम केलं. शेजारच्या बायांना वाटायचं, पोरीला सासुरवास लई दिसतोय. मग एक दिवस माझ्या अंगानं हार मानली की मिरचीनं मानली कोण जाणे, पण सगळं थांबलं ते थांबलंच. आता कांडप सून बघते. मी बाजूला खुर्ची टाकून बसते आणि न विचारता सल्ले देते. ती गुणाची आहे, ऐकल्यासारखं करते.

ज्यांनी कांडप पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पत्र्याची खोली, जमिनीत बसवलेली लोखंडी उखळं, आणि वरून मोटरीवर आळीपाळीनं आदळणारी जाड मुसळं. आवाज असा की आमच्या मालकांचे दोन्ही कान त्यातच गेले. आता मी त्यांच्याशी बोलते ते सगळ्या गल्लीला कळतं. एका वेळी उखळात जेवढी मिरची पडते त्याला आम्ही घाणा म्हणतो. कुटायचं, चाळायचं, चाळणीत राहिलेलं पुन्हा कुटायचं. अर्धा-पाऊण तास जातो. लोक विचारतात, गिरणीत पाच मिनिटांत होतं, मग इथं कशाला? तर दगडाखाली मिरची तापते आणि रंग टाकते. कुटलेली मिरची वर्षभर लाल राहते. हे मी हजार वेळा सांगितलंय आणि अजून सांगताना बरं वाटतं.

आमच्या कांडपाचा एकच नियम, सासऱ्यांनी घातलेला. ज्याचा घाणा, त्यानं उभं राहायचं. पिशवी टाकून बाजार करून येतो म्हणणाऱ्याची पिशवी तशीच राहायची. मिरची आपलीच आहे, दुसऱ्याची मिसळली नाही, हे मिरचीवाल्यानं आपल्या डोळ्यांनी बघावं हा एक हेतू. दुसरा हेतू मला उशिरा कळला. किती तिखट, झणझणीत लवंगी किती, नुसत्या रंगाची ब्याडगी किती, हे आम्ही कधी ठरवायचं नाही. सासरे म्हणायचे, "मिरची त्याची, जीभ त्याची, पोट त्याचं. आपलं फक्त मुसळ."

याच्या गमती लई. एक सासू-सून दर चैत्रात यायच्या. सासूला झणझणीत लागायचं, सुनेच्या लेकरांना सोसायचं नाही. सासू उखळापाशी पहारा द्यायची. ती पाणी प्यायला वळली की सून पदराआडून मूठभर ब्याडगी उखळात टाकायची आणि माझ्याकडं बघायची. मी छताकडं बघायची. सासू सगळ्यांना सांगायची, "आक्काच्या कांडपातलं तिखट लई गोड लागतंय बगा." ती म्हातारी गेली तेव्हा सून माझ्या गळ्यात पडून रडली. त्या वर्षीपासून ती आपल्या हातानं घाण्यात लवंगी घालायला लागली. कावून, ते मी विचारलं नाही.

आणि आमचं झाडण. घाणा काढला तरी उखळाच्या कडेला चिमूट-दोन चिमटी तिखट चिकटून राहतं. ते कुंच्यानं झाडून आम्ही डब्यात टाकतो, तो कांडपवाल्याचा हक्क. छत्तीस वर्षं माझ्या घरचं कालवण त्या झाडणावर झालं. त्यात पाटलाची मिरची असते, वडाराची असते, गुरवाची असते, मोमिनाची असते. घरात आम्ही शिवाचे, गळ्यात लिंग, पण ताटात सगळं गाव. त्या गावाचे उपकार मोजायला बसले तर दिवस पुरायचे नाहीत.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं, ते सांगते. सांगायची लाज वाटते, म्हणूनच आधी इकडचं तिकडचं बोलून घेतलं.

जालिंदर गुरुजी आमच्या गावचे. माझ्या दोन्ही लेकरांना त्यांनी अक्षर शिकवलं. निवृत्त झाले आणि माणूस बसला. वजन वाढत गेलं आणि गुडघे गेले. काठी घेऊन दारापासून ओट्यापर्यंत यायचे तर दोनदा थांबायचे. लातूरला डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, दोन्ही वाट्या बदलाव्या लागतील, पण या वजनात मी हात लावणार नाही. वीस किलो उतरवा, मग या. गुरुजी घरी आले आणि महिनाभर कुणाशी बोलले नाहीत. ज्या माणसानं तीस वर्षं फळ्यापुढं उभं राहून काढली, त्याला आता संडासला जायला बायकोचा खांदा लागत होता. उभं राहता येणार की नाही, एवढाच प्रश्न होता, पण त्यांना तोच जगण्या-मरण्याचा झाला होता.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. तो आमचा गर्दीचा काळ. ऊसतोडीला जाणारी माणसं सहा महिन्यांचं तिखट आणि येसर करून नेतात. येसर म्हणजे भाजलेली ज्वारी, बाजरी, डाळी आणि मसाला एकत्र कुटून केलेलं पीठ. गरम पाण्यात टाकलं की आमटी तयार, उसाच्या फडावर दुसरं काय करणार. अशा गर्दीत गुरुजींच्या बायकोनं, सुमनबाईनं, फोन लावला. गुरुजींनी बोलावलंय म्हणाली.

गेले तर गुरुजी खाटेवर बसलेले, आणि किती दिवसांनी चेहऱ्यावर हसू. फोन माझ्यापुढं धरला. त्यात एक पांढरा डगला घातलेली बाई सांगत होती की माणसाच्या अंगात तपकिरी चरबी नावाची एक चरबी असते, ती दुसऱ्या चरबीला जाळते, आणि तिला पेटवायची काडी म्हणजे मिरची. मिरचीतला तिखटपणा पोटात गेला की ती पेटते आणि वजन उतरतं.

"आक्का," गुरुजी म्हणाले, "औषध तुमच्या कांडपात पडलंय आन् मी लातूरला हिंडतोय."

मला काय झालं सांगू? आयुष्यभर लोकांनी मिरचीला नावं ठेवलेली ऐकली. मूळव्याध म्हणे मिरचीनं, जळजळ मिरचीनं, राग मिरचीनं. पहिल्यांदा कुणीतरी शिकलेला माणूस माझ्या धंद्याला औषध म्हणत होता. मी हरभऱ्याच्या झाडावर चढले ते शेंड्यालाच जाऊन बसले.

गुरुजींना उभं राहता येत नव्हतं, म्हणून नियम मोडला. घाणा त्यांचा, पण उभी मी राहिले. मिरचीही मीच निवडली. निव्वळ लवंगी, देठ खुडून, बी ठेवून, दोनदा चाळून. डबा नेऊन दिला तेव्हा सुमनबाईनं विचारलं, "कसं द्यायचं आक्का?"

आता त्या फोनवरच्या बाईनं कसं घ्यायचं ते सांगितलं नव्हतं. मला काय माहीत असणार? पण उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी म्हणाले, "सकाळी अनशापोटी, एक चमचा कोमट पाण्यात." आपल्याकडं कुठलंही औषध अनशापोटीच सांगतात, म्हणून सांगितलं.

एवढ्यावर थांबले असते तरी ठीक. मी सुताराकडून एक फळी आणली आणि लाल रंगानं लिहून घेतलं, ‘चरबी जाळणारी मिरची मिळेल’. कांडपाच्या दारावर लावली. तालुक्याहून, केजहून, लोक यायला लागले. ज्या बायांना मी ‘तुमची जीभ, तुमचं पोट’ सांगायची त्यांनाच आता डबे भरून देत होते.

चंद्राबाई म्हणून एक ऊसतोडीची बाई दरवर्षी माझ्याकडं येते, मुकादमाच्या ट्रॅक्टरवर बसायच्या आदल्या दिवशी. तिला वाचता येत नाही. फळीवर काय लिहिलंय विचारलं, मी थाटात सांगितलं. ती एवढी हसली की तिच्या घाण्यात शिंकली.

"आक्का, आमी जलमल्यापासून ठेचा खातोय. पहाटं फडात थंडीनं बोटं आखडत्यात, तवा भाकरीसंगं ठेचा खाल्ला का आंगाला ऊब येती, ते खरं हाय. पर चरबी? ती मिरचीनं न्हाई झडत. ती कोयता खातो."

मी हसण्यावारी नेलं. मनात म्हणाले, अडाणी बाई, हिला काय कळतंय. आता हे लिहिताना कान गरम होतात.

संक्रांतीच्या चार दिवस आधी सकाळी सुमनबाईचा फोन आला. गुरुजींना काळी उलटी झाली, अंबाजोगाईला नेतोय. मोटर बंद केली. सगळी मुसळं थांबली की कांडपात किती शांत होतं, हे तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. मालकांनी ऐकू न येताच ओळखलं. म्हणाले, "जा. मी कुलूप लावतो."

दवाखान्यात गुरुजी पांढरेफटक पडलेले, हाताला रक्ताची बाटली. तरुण डॉक्टरांनी एकेक विचारलं. गुडघ्याच्या दुखण्याच्या गोळ्या कधी घेता? सकाळी. खाऊन की रिकाम्या पोटी? सुमनबाई म्हणाली, रिकाम्या पोटी, मिरचीच्या पाण्यासंगं. किती दिवस? तीन महिने.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, जखम गोळ्यांनी केली. अशा गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्या तर जठर आतून सोलून काढतात. मिरचीनं वर आगीत तेल ओतलं. आणि हे सांगितलं कुणी?

सुमनबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "मी सांगितलं."

डॉक्टरांनी पेन उचलून तेही लिहून घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं. बाहेर बाकड्यावर सुमनबाई मला म्हणाली, "आक्का, मला पहिल्याच आठवड्यात वाटलंतं, ह्यांना सोसत न्हाई. रात्री पोट धरून बसायचे. पर तुमी दिल्यालं म्हनून मी काय बोलले न्हाई." तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं. खरं तेच सांगितलं. माझ्यावरचा विश्वास इतका होता की त्यानं तिचं तोंड बंद केलं होतं. त्या बाकड्यावर मी पहिल्यांदा देवाला म्हणाले, हा माणूस उठू दे, मग पुन्हा कुणाच्या पोटाचा निकाल मी लावणार नाही.

माझी भाची स्नेहल परभणीला अन्नशास्त्र शिकवते. तिला फोन लावून सगळं सांगितलं. लहानपणी तिच्या चुकांवर मी रागवायची, आता तिची पाळी होती. पण ती रागावली नाही. संक्रांतीच्या सुट्टीला आली आणि मला समोर बसवून शिकवलं. तिनं सांगितलेलं मला जसं कळलं तसं लिहिते.

"आत्या, चरबी दोन जातींची. पांढरी म्हणजे कणगीतलं धान्य, साठवून ठेवलेलं. तपकिरी म्हणजे चुलीतलं जळण, ती जळून अंगाला ऊब देते. तान्ह्या बाळाला कुडकुडता येत नाही, म्हणून त्याच्या अंगात ती भरपूर. मोठ्यांत मानेपाशी, खांद्यापाशी थोडीशी उरते, काहींत तर नावालाच. थंडी पडली की ती जागी होते. मिरचीतला तिखटपणा, आल्यातला, हिरव्या चहातले काही गुण, हेही तिला जागं करतात का, हे शास्त्रज्ञ तपासतायत. उंदरांत बरंच दिसलंय. माणसांत दिसलंय ते फार थोडं, आणि त्यानं वीस किलो उतरतील असं कुणी शहाण्यानं म्हटलेलं नाही. शोध अजून चालू आहे, तुमच्या फोनवरच्या बाईनं तो संपवून टाकला."

"मग चंद्राबाईची ऊब?" मी विचारलं.

"ती खोटी नाही. थंडी आहे, तिखट आहे, आणि दिवसभराची मोळ्या उचलायची मेहनत आहे. तू त्यातलं फक्त तिखट उचललंस, कारण ते तुझ्या दुकानात होतं."

आपल्या माणसानं एवढं स्पष्ट सांगणं हे भाग्य असतं. स्नेहलचे ते उपकार मी विसरणार नाही. त्याच दुपारी फळी उतरवली. ज्यांनी ज्यांनी डबे नेले त्यांना फोन केले, जमलं तिथं जाऊन सांगितलं की अनशापोटी घेऊ नका, जेवणात घ्या सोसेल तेवढं, आणि गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. काही जणी हसल्या. एक म्हणाली, आमी तर दुसऱ्याच दिवशी आमटीत घातलं. त्या बाईच्या शहाणपणाला माझा नमस्कार.

गुरुजी पंधरा दिवसांनी घरी आले. मी गेले नाही. कोणत्या तोंडानं जाणार? महिना झाला असेल, एका सकाळी कांडपाच्या दारात काठीचा आवाज आला. गुरुजी, एका बाजूला सुमनबाई. त्यांच्या घरापासून माझं दार पाच घरं लांब. घामानं भिजले होते.

"आक्का, तुमी यायना, म्हनून मी आलो," म्हणाले. "बसायला काही आहे का?"

मी घाईत जे हाताला लागलं ते दिलं. तेलाच्या दोन डब्यांवर तीच फळी आडवी टाकली, अक्षरं खाली करून. गुरुजी त्यावर बसले. मी पाया पडायला वाकले तर काठी आडवी घातली.

"फोन मी दाखवला, तुमी नाही. विद्यार्थ्याला मी म्हणायचो, पुस्तकात छापलंय म्हणून खरं मानू नको. आणि स्वतः काय केलं? आता एक काम द्या. रोज इथपर्यंत चालत यायचं, तर बसून काही तरी करायला पाहिजे ना."

मी त्यांच्यापुढं मिरचीचं टोपलं ठेवलं. देठ खुडायला.

तेव्हापासून गुरुजी रोज यायचे. पाच घरं, मग देवळापर्यंत जाऊन परत, मग शाळेपर्यंत. स्नेहलनं कागदावर जेवण लिहून दिलं. तीन भाकरींची दीड, चहातली साखर बंद, फरसाण बंद, भाजी दुप्पट, तिखट बेताचं. सुमनबाईनं तो कागद चुलीमागं चिकटवला आणि शब्दाला शब्द पाळला. गुरुजी चिडायचे. माझ्याकडं येऊन म्हणायचे, "आज घरात दुधीच्या भाजीत दुधी आहे, बाकी काही नाही." देठ खुडता खुडता बायांची गाऱ्हाणी ऐकायचे, कुणाच्या पोराचा फॉर्म भरून द्यायचे. गर्दीच्या दिवसांत आमच्यापेक्षा जास्त लोक त्यांना भेटायला यायचे. कोयता त्यांच्या हातात नव्हता, पण टोपलं होतं. चंद्राबाईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंग झडंल."

झडलं, पण हळू. वीस किलोला दीड वर्ष लागलं. मधे दोन महिने काटा हललाच नाही, गुरुजी यायचे बंद झाले. मी टोपलं उचललं आणि त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. मी म्हणाले, मिरची वाट बघतीय. दुसऱ्या दिवशी आले. दुसरी दिवाळी झाल्यावर लातूरच्या त्याच डॉक्टरांनी आधी एक गुडघा केला, मग दुसरा. आम्ही भेटायला गेलो तेव्हा मालक गुरुजींच्या कानात ओरडून म्हणाले, "आता नाचायचं का?" सगळा वॉर्ड हसला.

यंदाच्या चैत्रातली गोष्ट सांगून थांबते. कांडपात आठ-दहा बाया नंबर लावून उभ्या होत्या. गुरुजी आले. काठी नव्हती. खांद्याला पिशवी, त्यात दोन किलो ब्याडगी आणि वर मूठभर, अगदी मूठभर लवंगी. सुनेनं घाईनं फळी डब्यांवर टाकली, पदरानं पुसली.

गुरुजींनी ती बाजूला सारली.

"कितवा नंबर?"

"गुरुजी, तुमचा कशाला नंबर, आधी घेते की," सून म्हणाली.

"नाही. आणि बसणार पण नाही. ज्याचा घाणा, त्यानं उभं राहायचं. नियम तुमचाच आहे ना?"

दीड तास त्यांचा नंबर आला नाही. ते भिंतीला न टेकता उभे राहिले. मग घाणा पडला, मुसळं चालू झाली, तिखट उडालं. गुरुजी शिंकले, खोकले, डोळे पुसले, पण जागचे हलले नाहीत. चाळण झाली, चाळणीवरचं पुन्हा पडलं, ते दोन्ही पायांवर सरळ उभे. मी खुर्चीत बसून बघत होते. शाळेत पोरांपुढं उभे राहायचे तसेच उभे होते.

सून माझ्याजवळ आली. म्हणाली, "आत्याबाई, डोळ्याला पाणी कावून?"

"मिरची उडाली," मी म्हणाले.

ते पहिले सहा महिने सोडले तर छत्तीस वर्षांत मिरचीनं माझ्या डोळ्याला पाणी आलं नाही, हे तिला माहीत आहे. तिनं गुरुजींच्या घाण्याचं उखळ झाडायचा कुंचा आणून माझ्या हातात दिला.